ताम्हिणी घाट: गाडी, पायवाट आणि पाणी (माहितीचा धागा)

घाटवाट

पावसाळा तोंडावर आला की "ताम्हिणीला काय काय बघता येईल" हा प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात. म्हणून सगळं एकत्र. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी आणि खाली विळे, निजामपूर, माणगाव हा रस्ता गृहीत धरला आहे. ज्यांना कुंडलिका नदीच्या बाजूची, म्हणजे भिरा-कोलाडची माहिती आहे त्यांनी खाली भर घालावी.

आधी रस्त्याचा स्वभाव. पौड सोडलं की मुळशीचं पाणी उजव्या हाताला दिसू लागतं आणि बराच वेळ साथ करतं. हा भाग घाट नाही, पण चढ-उतार आणि वळणं इथूनच सुरू होतात. खरा उतार ताम्हिणी गाव मागे पडल्यावर. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची दरी, मधे दाट जंगल. २०१३ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे ५० चौ. किमी. म्हणजे रस्ता सोडून आत पाऊल टाकलं की बहुतेक ठिकाणी तुम्ही वनखात्याच्या हद्दीत असता. शुल्क, वेळा, बंदीचे आदेश तिथलेच लागू होतात. पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश निघतात आणि ते पुणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांचे वेगवेगळे असतात. घाटाची वरची बाजू पुण्यात, खालची रायगडात. एका बाजूचा आदेश वाचून दुसरीकडे जाऊ नका.

इंधन पिरंगुट-पौडलाच भरून घ्या. पुढे माणगावपर्यंत भरवसा धरू नका. मोबाईलची रेंज मुळशीच्या पाण्याकाठीच तुटक होते, घाटात बऱ्याच जागी नसतेच. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि घरी सांगून निघा, कुठे जाणार आणि कितीपर्यंत परतणार ते. वेळेसकट.

दुसरा_गियर

चांगला धागा. गाडीबद्दल माझी भर.

ताम्हिणीत उतारावर ब्रेक तापून जाणाऱ्या गाड्या दर शनिवारी-रविवारी दिसतात. कारण एकच: चौथ्या गियरमध्ये उतरायचं आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा. जो गियर चढायला लागतो तोच उतरायला, हा जुना नियम अजून खरा आहे. तीव्र उतारावर दुसरा, मोकळ्या जागी तिसरा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून गाडी सोडायची नाही. ऑटोमॅटिक असेल तर गियरचा दांडा 'डी'वर ठेवून बसू नका, मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर गाडीला वीज परत घ्यायला जागा नसते आणि नेहमीचा आपोआप लागणारा रोध कमी होतो. घाटाच्या माथ्यावर बॅटरी ऐंशीच्या आसपास असलेली बरी.

जळकट वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर गियर उतरवा, मिळेल त्या पहिल्या सुरक्षित जागी थांबा, वीस-तीस मिनिटं चाकं निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. आणि अशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गाडी गियरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

पावसात आणखी एक सापळा आहे, तो नवख्यांना दिसत नाही. डोंगराच्या बाजूचं गटार. पावसाळ्यात त्यावर गवत झुकतं, वरून गढूळ पाणी वाहतं आणि ते रस्त्याच्याच पातळीचं वाटतं. समोरून बस आली म्हणून डावीकडे दाबलं की डावी दोन्ही चाकं गटारात. पाण्याचा पृष्ठभाग बघून अंदाज करू नका, डांबराची कड दिसत असेल तेवढंच डावीकडे घ्या. नाही दिसली तर थांबा, समोरच्याला जाऊ द्या. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे आणि रीतही.

धुकं: हेडलाइट खाली, फॉग लाइट चालू, वेग इतकाच की दिसतं तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. काच आतून धूसर झाली तर एसी चालू ठेवून हवा बाहेरून घ्या. आतलीच हवा फिरवली तर पाच माणसांच्या ओल्या कपड्यांची वाफ काचेवरच बसणार.

टायरच्या खाचांची खोली कायद्याने १.६ मिमी चालते, पण घाटातल्या वाहत्या पाण्यासाठी ३ मिमीच्या खाली गेलेला टायर घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सह्यरान

@दुसरा_गियर, गटाराचा मुद्दा अगदी नेमका. त्यालाच जोडून: वळणावर गाडी लावून फोटो काढू नका. कुंडलिका दरी दिसते त्या ठिकाणी गर्दी होते आणि लोक रस्त्यातच दारं उघडतात. थोडं पुढे-मागे रुंद जागा आहेत, तिथे लावून शंभर पावलं चालत या.

आता पाऊस किती पडतो याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देतो. २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिमी पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या भाषेत २०४.४ मिमीच्या वर 'अत्यंत मुसळधार' म्हणतात, हा त्याच्या अडीचपटीहून जास्त. म्हणून पुण्यातलं आभाळ बघून निघू नका. इशारा बघताना 'पुणे' नाही, 'पुणे घाट' अशी वेगळी नोंद असते, ती बघा, आणि तिच्या जोडीला रायगडची. ऑरेंज असेल तर गाडीतून फेरफटका आणि परत, पायवाट नाही. रेड असेल तर घरी.

नवखा_पुणेकर

खूप उपयोगी माहिती. एक विचारू का? धबधब्याखाली भिजायला जायचं तर कोणती जागा सुरक्षित? बरोबर दोन लहान मुलं आणि आई आहेत.

सह्यरान

@नवखा_पुणेकर, मुलं आणि आई बरोबर असतील तर प्लस व्हॅली (घाटाखालची दरी), देवकुंड (धबधबा), अंधारबन (जंगलातली पायवाट) ही तिन्ही नावं यादीतून काढा. रस्त्याकडेला कातळावरून पसरून येणाऱ्या पातळ धारा असतात, खाली कुंड नसतं, पाणी पायाच्या घोट्याइतकं असतं. तिथे भिजायला हरकत नाही, पण दोन गोष्टी वर मान करून बघा. वरून सुटे दगड यायची खूण आहे का, म्हणजे रस्त्यावर ताजी माती, फुटलेल्या फांद्या, बारीक खडी पडली आहे का. आणि दुसरं, धार एकाच जागी जोरात पडते की पसरून. एकाच जागी जोरात पडत असेल तर पाण्याबरोबर दगडही तिथेच येणार. मुलांना तिच्याखाली उभं करू नका.

पाणी अचानक का वाढतं तेही सांगतो, कारण कारण कळलं की माणूस नियम पाळतो. हा सगळा काळा कातळ, बेसाल्ट. पाणी मुरवून घेत नाही. वर मातीचा थर पातळ, उतार उभा, आणि ओढ्याचं पाणलोट क्षेत्र लहान. माथ्यावर जोराची सर पडली की ते पाणी दहा-पंधरा मिनिटांत खाली येतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकतं. खुणा अशा: स्वच्छ पाणी चहासारखं लाल होतं, पानं-काटक्या वाहत येतात, आवाज खर्जात उतरतो. यातली एक जरी दिसली तरी सामान सोडा आणि बाजूला, उंचावर चढा. ओढा ओलांडून पलीकडे जायचं नाही, ज्या काठाला आहात त्याच काठावर चढायचं.

निळी_मुळा

कुंडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्लस व्हॅली आणि देवकुंडात जीव जातात ते बहुतेक इथेच.

धबधब्याखालचं कुंड म्हणजे मुळात रांजणखळगा. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कोरत कोरत केलेला. त्याच्या भिंती आतून गुळगुळीत असतात, तोंड अरुंद आणि पोट मोठं असतं. हात लावायला खाच नसते, त्यात शेवाळ. पट्टीचा पोहणाराही काठाला आला तरी वर चढू शकत नाही. दुसरं, धार पडते तिथलं पांढरं पाणी म्हणजे अर्धी हवा. त्यात शरीर तरंगत नाही. धारेच्या मागे पाणी उलटं फिरतं आणि माणसाला परत धारेखाली ओढतं. म्हणून "मला पोहता येतं" याला तिथे काही अर्थ नाही. उंचावरून उडी तर नकोच. कालच्या पावसात वाहून आलेलं झाडाचं खोड आज कुंडाच्या तळाशी असतं आणि वरून दिसत नाही.

प्लस व्हॅली नाव पडलं ते दोन दऱ्या एकमेकींना अधिकच्या चिन्हासारख्या छेदतात म्हणून. घाटरस्त्यावरून थेट खाली उतरायचं, वाट सुट्या दगडांची, आणि परतीचा चढ दमलेल्या पायांनी. इथलंच पाणी पुढे कड्यावरून देवकुंडात पडतं आणि तिथून कुंडलिका सुरू होते असं मानतात. म्हणजे देवकुंडाशी उभं राहून वरचा पाऊस दिसत नाही. ही साखळी ध्यानात ठेवली की अर्धी काळजी मिटते: वर प्लस व्हॅली, खाली देवकुंड, पुढे भिरा, मग कोलाड.

काठावरचा

देवकुंडाची वाट भिऱ्याहून, विळ्याला उजवीकडे वळून पाटणूसमार्गे. एका बाजूला पाच-सहा किमी, दोन ते अडीच तास. सुरुवात धरणाच्या पाण्याकाठाने सपाट, मग जंगल, मधे ओढे. गावातला वाटाड्या घेणं गरजेचं आहे आणि मला ते योग्यच वाटतं. त्याला ओढ्याची रोजची पातळी माहीत असते. कोणत्या दगडापर्यंत पाणी आलं की परत फिरायचं हे तो सांगू शकतो, नकाशा नाही सांगत.

इथे अडकतात ते जाताना नव्हे, येताना. सकाळी गुडघाभर ओढा ओलांडून गेलेले लोक दुपारी दोनला परततात तेव्हा तोच ओढा कमरेएवढा झालेला असतो. नियम साधा ठेवा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, तळ दिसत नसेल तर घोट्याएवढं असलं तरी नाही. पलीकडे अडकलात तर थांबा. पाऊस उघडला की हे ओढे चढले तसेच काही तासांत उतरतात. हाताची साखळी करून ओलांडायच्या नादात एक घसरला की चार जातात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा असं मी आवर्जून सांगेन. पाणी निवळतं, हिरवट निळं होतं, वाट सुकलेली असते.

सह्यरान

अंधारबनाबद्दल थोडक्यात. सुरुवात पिंपरीहून (निव्याकडून लोणावळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर), मधे हिरडी गाव, शेवट भिऱ्याला. साधारण तेरा किमी, बहुतेक उतरणीचा. उतरण आहे म्हणून सोपा समजतात आणि गुडघे धरून बसतात. दिवसभराचा आहे, सकाळी आठच्या आत चालायला लागा. दुसरी अडचण गाडीची: सुरुवात घाटमाथ्यावर, शेवट कोकणात. एक गाडी आधीच भिऱ्याला ठेवा, नाहीतर हिरडीपर्यंत जाऊन मागे फिरा. निघण्याआधी वनखात्याची बंदी आहे का ते तपासा, जोराच्या पावसात ती लागते.

वाटेत फांद्या धरून चालायची सवय सोडा. पावसाळ्यात चापडा, म्हणजे हिरवा विषारी साप, नेमका डोक्याच्या उंचीच्या फांदीवर पानांत मिसळून बसलेला असतो. जमिनीवर फुरसं. साप चावला तर वर दोरी आवळू नका, चीर देऊ नका, तोंडाने ओढू नका. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. वरच्या बाजूला पौडचं ग्रामीण रुग्णालय, खाली माणगावचं उपजिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, वनखात्याचा क्रमांक १९२६. हे तीन कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोन भिजतो.

कुंडलिकाकाठ

कोलाडच्या बाजूने मी लिहितो.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की जानेवारीत, पाऊस नसताना, कुंडलिकेला राफ्टिंगइतकं पाणी येतं कुठून. उत्तर तुमच्या वाटेवरच आहे. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, शेतकऱ्यांच्या जमिनी या तळ्याखाली आहेत. धरणातलं पाणी खरं तर पूर्वेचं, मुळेतून भीमेला आणि कृष्णेला जाणारं. ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. जनित्रं फिरवून झालं की तेच पाणी कुंडलिकेत येतं आणि रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

म्हणूनच राफ्टिंग सकाळी असतं. भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी सुटतं, ते पाणी नदीत असेपर्यंत राफ्ट चालते. उशीर झाला की पातळी उतरते आणि राफ्ट दगडांवर घासत जाते. नोंदणी करताना "किती वाजता" असं विचारू नका, "उद्या पाणी सुटणार आहे का" असं विचारा. विजेची गरज नसेल त्या दिवशी पाणी नसतं आणि त्यात कोणाची चूक नसते. अंतर बारा किमीच्या आसपास, वेळ दोन ते अडीच तास, खळखळाट दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे मध्यम.

लाइफ जॅकेट घातल्यावर खालचं बकल आधी, मग वरचं, मग खांद्याचे पट्टे ओढा. जोडीदाराला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, बदलून मागा. बकल तुटकं असेल तर दोरीने बांधून देतात, ते घेऊ नका.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तळहात तिच्यावर झाकून पूर्ण वेळ धरून ठेवायची. ती सुटली की झटक्यासरशी शेजाऱ्याच्या दातांवर बसते. राफ्टिंगमधल्या जखमा पाण्यापेक्षा या मुठीने जास्त होतात असं म्हटलं तरी चालेल.

पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्याच्या वर. दगड आले तर पायाने ढकला. आणि काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, मागचं पाणी पाठीवर दाब देतं आणि माणूस कमरेतून पुढे वाकून पाण्याखाली जातो. कमरेएवढ्या पाण्यात. बचावाची दोरी फेकली तर दोरी छातीशी धरून, खांद्यावरून घेऊन पाठीवर तरंगा, मनगटाला गुंडाळू नका.

निळी_मुळा

@कुंडलिकाकाठ, तळहात झाकून धरायचं हे कोणीतरी लिहायला हवंच होतं. चष्म्याला मागून दोरी बांधा, तेवढी माझी भर.

जांभूळपान

सगळे पावसाबद्दल लिहितायत म्हणून बाकीच्या महिन्यांची बाजू मांडते. ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी ताम्हिणी डिसेंबर ते मे हीच.

जंगल सदाहरित आणि निमसदाहरित: अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, आंबा, खाली कारवी. शेकरू बघायचं तर सकाळी सात ते नऊ, उंच झाडांच्या शेंड्यांकडे. आधी घरटं दिसतं, काटक्या-पानांचा मोठा गोळा, दोन झाडांच्या फांद्या भेटतात तिथे. मग हाक ऐकू येते, खडखडल्यासारखी. पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घातल्यासारखा आवाज आला तर तो शीळकरी कस्तूर पक्षी. जूनच्या पहिल्या सरींबरोबर खालच्या बाजूला तिबोटी खंड्या येतो. घरट्याजवळ फोटोसाठी थांबू नका, तो घरटं सोडून देतो. पक्ष्यांचे आवाज फोनवर वाजवून त्यांना बोलावणं पूर्ण टाळा.

मे अखेरीस काजवे. गाडीचे दिवे बंद, टॉर्चला लाल कागद, फ्लॅश नाही. काजव्याची मादी नराच्या लुकलुकण्याला उत्तर देते. पांढऱ्या प्रकाशात तिला तो दिसतच नाही आणि ती रात्र त्यांची वाया जाते. त्यांचं प्रौढपणाचं आयुष्यच काही दिवसांचं.

मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेलं असतं. चूल, स्टोव्ह, सिगारेट काही नको. वणवा उतारावर वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने चढतो. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, ड्रोन, आरडाओरड यांनी ती उठतात. उठलीच तर ओढणी किंवा जॅकेट डोक्यावर घेऊन दाट झाडीतून दूर जा, हात झाडू नका, पाण्यात उडी मारू नका, माश्या वर थांबतात.

आणि मे महिन्यात रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या बायका-मुलींशी घासाघीस करू नका, ही विनंती. काट्यांत हात घालून एक द्रोण भरायला किती वेळ लागतो ते एकदा करवंदीच्या जाळीशी उभं राहून बघा.

नवखा_पुणेकर

सर्वांचे आभार. ठरवलं: रविवार नाही, मधल्या वारी, सकाळी सहाला निघून गाडीतून विळ्यापर्यंत आणि परत. जेवणाचं काय करावं? आणि गाडी नसलेल्या मित्राला एसटीने येता येईल का?

घाटवाट

@नवखा_पुणेकर, स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे माणगाव-महाडकडे जाणाऱ्या एसटी आहेत. वेळा आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्या आणि परतीची शेवटची गाडी आधी ठरवा, मग वाट.

जेवण ताम्हिणी परिसरात घरगुती मिळतं. पिठलं, भाकरी, ठेचा, तांदळाची भाकरी हवी तर तसं सांगा. जाताना थांबून माणसांचा आकडा आणि वेळ सांगून ठेवा, परतताना गरम मिळेल. आयत्या वेळी बारा माणसं उभी राहिली की चुलीवरची भाकरी तासभर लागणारच. विंझाई देवीचं मंदिर वाटेतच आहे, आईंना तिथे बसायला सावली आणि सपाट जागा मिळेल.

मधला वार निवडलात ते उत्तम. कोरडे कपडे, मुलांची जास्तीची पायताणं आणि एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी गाडीत ठेवा. आणि निघायच्या दिवशी पहाटे 'पुणे घाट'चा इशारा बघून इथे लिहा, रस्ता चालू आहे का ते विळ्याच्या बाजूचं कोणीतरी सांगेल.

काठावरचा

सांगतो. सकाळी साडेपाचपर्यंत लिहा.